तिसरा ठिपका

लग्नानंतर नवरे बायकोला दागिना घेतात, निदान कुठेतरी फिरायला तरी नेतात. निनादने पहिल्याच महिन्यात आमच्या फ्लॅटच्या प्रत्येक खोलीत, बाल्कनीतसुद्धा, छताला एकेक पांढरी डबी बसवून घेतली. त्याला माझी काळजी फार. खालच्या मजल्यावरच्या आवटीकाकू मला जिन्यात गाठून म्हणायच्या, "नशीब काढलंस गं ओवी, असा नवरा मिळायला," आणि मी हसायचे. दुसरं काय करणार? काळजी करणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

त्या डबीचं नाव 'सोबत'. मी घरूनच ऑनलाइन गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते, तेव्हा मुलांना सांगते तसंच सांगते. माणूस सतत झडत असतो. बसल्या जागी, हसता-बोलता आपल्या त्वचेचे बारीक कण हवेत सुटत असतात. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ नाचताना दिसते, तिच्यात आपलाही वाटा असतो. त्या कणांत आपली जनुकं असतात आणि आपल्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे जिवाणूही असतात. दोन माणसांचं हे मिश्रण कधीच सारखं नसतं, जुळ्यांचंसुद्धा नाही. डबी खोलीतली हवा आत ओढते, कण वाचते आणि फोनवर घराच्या नकाशात प्रत्येक माणसाचा एकच ठिपका दाखवते, त्याचे कण सगळ्यांत दाट असतील तिथे. आमच्या घरात निनादचा ठिपका निळा होता, सासूबाईंचा पिवळा आणि माझा हिरवा.

हे यंत्र आधी इस्पितळांत आलं, साथीचे रोगी कुठून कुठे फिरले ते कळावं म्हणून. मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात लागलं, म्हणजे परदेशातल्या मुलांना समजावं की आई सकाळी उठून स्वयंपाकघरात गेली. पुढे बायका बेपत्ता होण्याच्या बातम्या लागोपाठ आल्या आणि घरोघर डब्या बसल्या. आपल्या बायकांना जपायला हवं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. कुणापासून जपायचं, ते कुणी विचारलं नाही.

मी घराबाहेर पडले की माझा ठिपका फिका व्हायचा आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फोन वाजायचा.

"कुठे निघालीस गं?"

"कोथिंबीर आणायला."

"मला सांगायचं ना. मी येताना आणली असती."

एवढंच. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. मी जिन्यात उभी राहून विचार करायचे, की आता खाली जायचं की वर? आणि बहुतेक वेळा वर जायचे. हळूहळू कोथिंबीर तोच आणू लागला. माझी मैत्रीण येणार असली तर ती कधी येणार, किती वेळ बसणार, हे आधी सांगावं लागायचं, नाहीतर नकाशात 'अनोळखी' असा राखाडी ठिपका उमटायचा आणि हळदीच्या शीतगृहातल्या कामातलं त्याचं लक्ष उडायचं. मग मैत्रिणीही येईनाशा झाल्या. वडील गेल्यावर माझ्या माहेरचं दार तसंही बंदच झालेलं. पस्तिशीत, दुसरेपणावर लग्न करताना मी स्वतःला समजावलं होतं की शांत माणूस आहे, एवढं पुरे. आता त्या शांतपणाची मला धास्ती वाटू लागली होती.

मी निनादची दुसरी बायको. पहिली ऋजुता. सहा वर्षांपूर्वी ती घरातून निघून गेली आणि परत आली नाही. कुणाबरोबर तरी गेली, असं तो मान खाली घालून सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला त्याचीच दया यायची. पोलिसांनी शोधलं, जाहिराती दिल्या, शेवटी कोर्टाने घटस्फोट मंजूर केला. तिची एक वस्तू घरात नव्हती. फोटो नाही, फणी नाही, काही नाही.

माझ्या लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील तेव्हा तिची आई जतहून आली होती. सुनंदाकाकू. निनाद कामावर होता. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तू नवी व्हय?" त्यांनी विचारलं. "तुझ्यावर राग न्हाई बाई माझा. येवढंच सांगायला आले. जावईबापूंनी पोलिसांत सांगितलं, इरकल नेसून गेली म्हणून. जांभळी, गोमी काठाची. ती मी घेतलेली तिला. माझ्या हातची साडी नेसून माझी पोर कुणासंगट पळून जाईल व्हय?"

मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि त्या निघून गेल्या. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

दिवाळीनंतर मला ताप आला. भरदुपारी हुडहुडी भरून आली तेव्हा सासूबाईंनी दिवाणाच्या पेटीतून एक वाकळ काढली आणि माझ्या अंगावर घातली. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या साड्या एकावर एक ठेवायच्या आणि हाताने टाके घालत जायचं. ही चांगली जाडजूड होती, वरून हिरव्या-लाल लुगड्याची, घट्ट बारीक टाक्यांची.

"तुम्ही शिवलीत आई?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "झोप आता."

ताप उतरला, पण त्या दिवसापासून नकाशात तिसरा ठिपका दिसू लागला. निनाद घरी नसताना घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि सासूबाई, आणि ठिपके तीन. तिसरा राखाडी. 'अनोळखी, स्त्री.'

हे मला निनादनेच सांगितलं. संध्याकाळी बूट काढता काढता, अगदी सहज.

"आज कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"बेडरूममध्ये होती. तुझ्याजवळ. दुपारी बाल्कनीत गेली, परत आत आली." त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला. "मी रागावलेलो नाही, ओवी. फक्त विचारतोय."

मी शपथेवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दाराचं कुलूप बदलून घेतलं. नवं कुलूप डबीला जोडलेलं. बाहेरून कुणी यायचं असो की आतून कुणी जायचं असो, त्याच्या फोनवरून परवानगी लागायची. सासूबाई तेवढ्या देवळात जायच्या, म्हणून त्यांचा अंगठा चालायचा. "थोडे दिवसच," तो म्हणाला. "तो ठिपका कुणाचा ते कळेपर्यंत." मी दाराला हात लावून पाहिला. दार थंडगार होतं. मला पहिल्यांदा वाटलं की मी ओरडले तरी जिन्यातून कुणी वर येणार नाही, आणि आलंच तर मी काय सांगणार?

मी 'सोबत'च्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी चुणचुणीत होती.

"मॅडम, यंत्राला माणूस दिसत नाही. माणसाचं झडलेलं दिसतं. कुणाचा न धुतलेला कपडा घरात आलाय का? जुन्या बाजारातून काही घेतलंय?"

"कपड्यात कण किती दिवस टिकतात?"

"घडीत, शिवणीत दाबून राहिले तर वर्षानुवर्षं. मग झटकलं, ऊब लागली की सुटतात हवेत. म्हणूनच आम्ही सांगतो, ठिपका हलला तरच माणूस समजा."

पण हा ठिपका तर हलत होता. बेडरूममधून बाल्कनीत, बाल्कनीतून परत. फोन ठेवता ठेवता मला आठवलं की मी रोज दुपारी वाकळ बाल्कनीत ऊन द्यायला टाकत होते.

दुसऱ्या दिवशी निनाद कामावर गेल्यावर मी फोनवर नकाशा उघडला. आधी उशी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि डबीला हवा ओढायला वेळ दिला. राखाडी ठिपका बेडरूममध्येच. चादर नेली, तरी तिथेच. मग वाकळ उचलून हॉलमध्ये आणली आणि पंखा लावून झटकली. फोनकडे बघत उभी राहिले. राखाडी ठिपका बेडरूममधून पुसला गेला आणि हॉलमध्ये, माझ्या हिरव्या ठिपक्याला चिकटून उमटला. कोण होती ही, जी इतके दिवस माझ्या अंगावर पांघरलेली होती?

मी खाली बसले. कात्री घेतली आणि एका कडेचे टाके उसवायला लागले. वरचं लुगडं सुटलं. खाली एक सुती साडी, तिच्याखाली जुनी बेडशीट. आणि त्याच्याही आत, पुरून ठेवल्यासारखी चौपदरी घातलेली, जांभळी इरकल. काठावर गोमी, गोमेच्या पायांसारखी बारीक नक्षी. पदराजवळ हाताएवढा तपकिरी डाग, वाळून कडक झालेला.

तेवढ्यात फोन वाजला.

"कोण आलंय घरी?" निनादचा आवाज तसाच, मऊ. "हॉलमध्ये आहे. तुझ्या अगदी जवळ बसलीय."

"कुणी नाही रे. आईंच्या भजनातल्या बाई..."

"दार उघडलेलंच नाही, ओवी. मग ती आली कुठून?" गाडीच्या किल्ल्या वाजल्या. "थांब. येतोच मी. तिला बसवून ठेव."

मिरजेच्या बाजूचं शीतगृह, मधला रेल्वे फाटकाचा खोळंबा धरला तरी तो येऊन पोचायला फार वेळ नव्हता. मी मान वर केली तर सासूबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ती उसवलेल्या कडेवर खिळली होती.

"घावली व्हय," त्या म्हणाल्या.

"आई, ही ऋजुताची साडी आहे. हीच नेसून गेली म्हणाला तो."

त्या भिंत धरून खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, पण त्या दिवशी कण्हल्या नाहीत. "मी गावाला गेले होते, भावाकडं. परत आले तर म्हणाला, गेली. कुणासंगट तरी गेली. मी म्हटलं, गेली असंल. मग एकदा माळा साफ करायला काढला. पाण्याच्या टाकीमागं बोळा करून कोंबलेली ही. म्हंजे तिला दुसरं काहीबाही नेसवलं आसणार. पोलिसांना सांगितलं इरकल, म्हंजे समदी इरकलवालीला शोधत बसतील. ल्हानपणापास्नं हुशार हाय तो."

"तुम्ही विचारलं नाहीत त्याला?"

"विचारलं आसतं तर त्यानं सांगितलं आसतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्हणून विचारलं न्हाई."

"आणि त्याने माळ्यावर शोधली नाही?"

"शोधली की. मला म्हणाला, माळ्यावरचं काय काढलंस? मी म्हटलं, जुनं-पानं समदं बोहारणीला दिलं, त्यावर पातेलं घेतलं. पातेलंबी दाखवलं नवं. बरं झालं म्हणाला."

ते पातेलं मला माहीत होतं. मी रोज त्यात दूध तापवत होते.

"टाकून का दिली नाहीत?"

"कशी टाकू? जाळायला गेले, हात धजला न्हाई. धुवायला घेतली, पाण्यात बुडवंना. मग एक डाव साड्या घेऊन बसले आन मधी घालून शिवली. म्हटलं, राहू दे हितंच. घरची सून हाय." त्या रडत नव्हत्या. मला मात्र त्यांचा इतका राग आला की वाटलं, हातातली कात्री भिंतीवर फेकावी. सहा वर्षं! सहा वर्षं त्या बाईने हे सगळं टाक्यांखाली दाबून ठेवलं, मला याच घरात सून म्हणून आणलं, माझी ओटी भरली.

"मग माझ्या अंगावर का घातलीत ती?"

त्यांनी उसवलेल्या कडेवरून हात फिरवला. "ठाऊक न्हाई. तुला थंडी वाजत होती. आन कुणीतरी बघावं, आसंबी वाटलं आसंल."

रागवायला वेळ नव्हता. मी फोन त्यांच्यासमोर धरला. "आई, तो वाटेत हे बघतोय. मी वाकळ घेऊन बाहेर पडले तर हा राखाडी ठिपका जाईल. तो जाऊ दे, त्याला वाटेल आलेली बाई गेली. पण माझा ठिपका गेला तर तो मला गाडीनेच गाठेल. माझा ठिपका घरात राहायला हवा. आणि दार..."

दार त्यांच्या अंगठ्यावर होतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मला वाटलं, संपलं. ही आई आहे. सहा वर्षं जिने एक प्रश्न विचारला नाही, ती आज पोटच्या पोराविरुद्ध दार कशाला उघडेल? मी हात जोडले नाहीत की पाया पडले नाही. आता मागून मिळण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्या उठल्या. बेडरूममध्ये गेल्या आणि धुवायला काढलेले माझे कपडे, कालचा कुर्ता, परवाची ओढणी, उशीचा अभ्रा, सगळं पलंगावर पंख्याखाली पसरलं. मग पलंगाच्या कडेला बसून ओढणी हाताने झटकून पाहिली. "आसं केलं की दिसतीस न्हवं तू?"

मी नकाशा पाहिला. मी हॉलमध्ये वाकळीची वळकटी बांधत होते आणि माझा हिरवा ठिपका बेडरूममध्ये शांत पहुडला होता.

"तो आल्यावर तुमचं काय, आई?"

"मला काय करणार? मी आई हाय त्याची." त्यांनी ओढणी पुन्हा झटकली. "आन केलं तर करू दे."

त्यांनी दाराला अंगठा लावला. कुलूप हलकेच वाजलं. मी वळकटी काखेत घेऊन उंबऱ्यात आले तशी त्यांनी माझा दंड धरला. क्षणभर वाटलं की आता सोडणार नाहीत.

"तिच्या आईला सांग," त्या म्हणाल्या, "धुतली न्हाई म्हणावं."

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी सवयीने थांबले. फोन वाजला नाही.

रिक्षात मी वाकळ मांडीवर घट्ट धरून बसले होते. आमच्या घराच्या कोपऱ्यावर निनादची गाडी समोरून आली. सिग्नलला थांबला होता, नजर खाली, हातात फोन. मला पाहिलं नाही. तो मला फोनमध्ये बघत होता ना.

पोलीस चौकीतल्या फौजदार बाईंनी माझं ऐकताना मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वाकळीतली जांभळी साडी दिसल्यावर त्यांनी हातमोजे घातले, ताबडतोब आमच्या घरी दोघांना पाठवलं आणि जतला फोन लावला. थोड्या वेळाने त्यांना शिपायाचा फोन आला. तो इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. निनाद बेडरूममध्ये सापडला होता. हातात फोन धरून खोलीत गोल गोल फिरत होता आणि आईला पुनःपुन्हा विचारत होता, "ही कुठाय? इथेच तर दिसतेय." आणि सासूबाई पलंगावर बसून माझी ओढणी झटकत होत्या. थांबल्याच नाहीत म्हणे. शिपायांनी निनादला बाहेर नेलं तरी त्या झटकतच होत्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला की कळवळा, ते अजून सांगता येत नाही. दोन्ही आले.

सुनंदाकाकू उन्हं कलल्यावर पोचल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. टेबलावरचा काठ त्यांनी दारातूनच ओळखला.

चौकीतही छताला डबी होती. बेपत्ता माणसांच्या घरच्यांनी दिलेले नमुने या डब्यांना जोडलेले असतात. काकूंनी सहा वर्षांपूर्वी ऋजुताची माहेरी राहिलेली फणी पोलिसांत देऊन ठेवली होती. इतकी वर्षं ती फणी कुणाशी जुळली नव्हती.

फौजदार बाईंनी पंखा लावला आणि वाकळीचं टोक हलकेच हलवलं. भिंतीवरच्या पडद्यावर खोलीचा नकाशा होता. त्यात ठिपके चार. फौजदार बाई, आत येताना नोंद झालेल्या मी आणि काकू, आणि टेबलावर एक राखाडी. आम्ही तिघी बघत राहिलो. राखाडी रंग जरासा लुकलुकला आणि खाली अक्षरं आली. ऋजुता. खोलीत आहे.

काकू पुढे झुकल्या. त्यांनी साडीकडे हात नेला.

"हात नका लावू, काकू," फौजदार बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुरावा आहे."

"काकू," मी म्हटलं, "सासूबाईंनी सांगितलंय, धुतली नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हात मागे घेतला. मग बसल्या बसल्याच खुर्ची दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली, आणखी थोडी पुढे, टेबलाला लागेपर्यंत. फौजदार बाईंनी त्यांना अडवलं नाही. जरा वेळाने पडद्यावर त्यांचा ठिपका हलला, सरकत सरकत ऋजुताच्या ठिपक्यापाशी गेला आणि त्याला टेकून राहिला.